शेवटच्या बाहुलीवरचं बोट

गंगाधरपंत बोडसांनी एखादं पाकीट एकदाच वापरून फेकलंय, असं उभ्या सांगलीत कुणी पाहिलं नव्हतं. आलेलं पाकीट ते चाकूनं अलगद उकलायचे, उलटं करून खळीनं चिकटवायचे आणि त्यातूनच पुढच्याला पत्र धाडायचे. त्यामुळं पंतांचं पत्र ज्याला येई त्याला पाकिटाच्या आतल्या अंगाला भलत्याच कुणाचा तरी पत्ता फुकट वाचायला मिळे. शर्टाची कॉलर विरली की उलटवायची, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायचा, कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर हिशोब करायचा. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण गणपतीच्या मांडवात पुढं जो काही प्रकार झाला त्याचं मूळ या पाकिटांत आहे. कॉम्प्युटरचा त्यात काडीचा दोष नव्हता.

ते साल शहाण्णवचं. कॉलनीच्या गणेश मंडळाची बैठक भरली होती. अध्यक्ष हंबीरराव. मूळचे आष्ट्याचे, फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात उमेदीची सगळी वर्षं काढून सुभेदार होऊन परतलेले. मंडळाचा हलता देखावा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण देखावा हलायचा तो पडद्यामागं बसलेल्या पोरांनी दोऱ्या ओढल्यावर. गेल्या साली दोरीवरचं पोरगं प्रसाद खायला उठून गेलं आणि विहिरीवरची बाई घागर अर्ध्यात धरून तासभर ताटकळत राहिली. बघायला आलेल्या बायकांना तिची दया यायला लागली, इतकी!

"औंदा दोऱ्या ओढायला कोन कोन बसनार, बोला," हंबीरराव म्हणाले.

सगळे सतरंजीचे धागे उपटायला लागले. आणि तेवढ्यात पंतांच्या तोंडून निघून गेलं, "अहो दोऱ्या कसल्या ओढताय या जमान्यात? कॉम्प्युटर हलवेल की बाहुल्या!"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच जरा गरगरलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर वेळ जात नाही म्हणून ते कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले होते, एवढंच खरं. तिथं 'सी' नावाची भाषा शिकवत. त्या भाषेत पंतांना आतापर्यंत पडद्यावर स्वतःचं नाव उमटवता येत होतं, तेही दहादा. पण हंबीरराव पडले फौजी माणूस. ते उठून उभेच राहिले.

"म्हंजे बोडससाहेब, तुमी करनार?"

"करणार म्हणजे काय, झालंच समजा!"

आता पुढच्या माणसानं 'झालंच समजा' म्हटलं की आपण घरी जाऊन झोपतो. हंबीररावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात वेल्डिंग सुरू केलं.

पंतांच्या पत्नी पद्माताई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. क्लासमध्ये जोडप्याला एकाच फीमध्ये प्रवेश मिळत होता, तो वाया जाऊ नये म्हणून पंत त्यांनाही घेऊन जात. ताई मागच्या बाकावर बसत, निमूट ऐकत, आणि येताना भाजी घेऊन येत. लेकीनं, भार्गवीनं, पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला होता. तो घरात आल्यापासून त्याच्यावरची धूळ पुसायचा मान ताईंचा आणि बटणं दाबायचा मान पंतांचा, अशी वाटणी झाली होती. "नाजूक मशीन आहे, उगीच हात लावू नकोस," असं पंत दिवसातून एकदा तरी बजावायचे.

हंबीररावांच्या कामाला मात्र तोड नव्हती, खरंच. सहा बाहुल्या, पुरुषभर उंचीच्या. पाणी शेंदणारी बाई, चाक फिरवणारा कुंभार, घण मारणारा लोहार, ताक घुसळणारी गवळण आणि तालमीत शेजारी शेजारी जोर काढणारे दोन पैलवान. आतला सांगाडा सगळ्यांचा एकच. प्रत्येकाच्या कमरेत एक मोटर, हातात एक मोटर. "फौजेत समद्यास्नी एकच माप," म्हणायचे. कुणाची कंबर हलवायची, कुणाचा हात, आणि किती वेगानं, हे कॉम्प्युटरनं सांगायचं. कॉम्प्युटरच्या पाठीमागं प्रिंटरची वायर लावतात तिथून त्यांनी एक वायर काढून डब्यात नेली आणि डब्यातून सगळ्या बाहुल्यांना.

पंतांचं काम कागदावर सोपं होतं. बाहुल्यांची एक रांग. त्या रांगेवरून एक फेरी मारायची आणि जाताना प्रत्येकीला तिची चाल नेमून द्यायची. क्लासमध्ये या फेरीला लूप म्हणत. दुसऱ्या फेरीत ज्याची चाल त्याच्या मोटरला पोचवायची, की देखावा सुरू. चार दिवस खपून पंतांनी ते लिहिलं, कॉम्प्युटर शालीत गुंडाळून रिक्षानं हंबीररावांच्या अंगणात नेला, आजूबाजूच्यांना चपला काढायला लावल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर ओळीनं सहा वेळा 'ओके' उमटलं. अंगणात पान हललं नाही.

शेजारचे लालासाहेब, गुळाच्या पेठेत अडतीचं दुकान असलेले, कठड्यावर बसून बघत होते. ते म्हणाले, "बुजलंय ते. नव्या जागी आनलं की जनावर बी बुजतं. दोन दिस हितंच राहू द्या, खायला घाला, रुळंल."

"लालासाहेब, ते मशीन आहे."

"मशीन हाय म्हनूनच म्हनतोय. माज्या मोटरसायकलचं असंच हाय. तोंड पूर्वेकडं करून बगा."

पंतांनी तोंड पूर्वेकडं केलं नाही. लालासाहेब चहा प्यायला आत गेल्यावर केलं. तरीही ओकेच्या पुढं गाडी जाईना.

कॉम्प्युटर घेऊन घरी आल्यावर पंत कपाळाला हात लावून बसले होते आणि ताई बरणीतून लोणचं काढत होत्या. मागं वळून त्यांनी पडद्यावरच्या ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "अहो, फेरीत तुम्ही बाहुली ज्या नावात घेता ना, ती बाहुली नाही. तिची नक्कल आहे. हे बघा, बरणीतलं लोणचं वाटीत काढलंत, वाटीत मीठ घातलंत, ढवळलंत, चाखलंत आणि 'ओके' म्हणालात. बरणी आहे तशीच अळणी."

"तुला स्वयंपाकघराबाहेरचं काही सुचतच नाही का गं?" पंत उसळून म्हणाले.

हे वाक्य कुणाला ऐकवलं? जिनं अर्ध्या सांगलीच्या लेकीबाळींना बीजगणित शिकवलं, तिला! पण ताईंनी बरणीचं झाकण लावलं आणि वर फडक्याचा दादरा बांधला. पंत तडक सायकल काढून क्लासच्या सरांकडे गेले. सरांनी कागद बघितला आणि लोणचं सोडून बाकी तेच सांगितलं. नक्कल घेऊ नका, पॉइंटर घ्या. पॉइंटर म्हणजे बोट. मूळ बाहुलीवरच बोट ठेवायचं आणि जे करायचं ते तिथल्या तिथं करायचं.

"सरांना बरोबर सुचलं बघ," पंत घरी येऊन म्हणाले. "बोट ठेवायचं."

"हो का?" ताई म्हणाल्या आणि त्यांनी पान वाढलं.

मधल्या काळात विजेच्या कार्यालयातही एक जत्रा झाली. मांडवासाठी तात्पुरतं कनेक्शन घ्यायचं होतं. तिथल्या साहेबांनी विचारलं, काय काय लावणार? पंतांनी मोठ्या झोकात सांगितलं, कॉम्प्युटर. साहेबांनी अर्ज उलटासुलटा केला. त्यात दिवे होते, पंखे होते, भोंगा होता, कॉम्प्युटरला जागाच नव्हती. "जे अर्जात न्हाई ते मांडवात लावता यायचं न्हाई," साहेब म्हणाले. पंतांनी बत्तीस वर्षं सरकारी खात्यात काढलेली, ते असल्या गोष्टींनी हरणारे नव्हते. कॉम्प्युटरच्या पोटात गार ठेवायला एक छोटा पंखा असतो. त्यांनी 'पंखे' या रकान्यात एक पंखा वाढवला आणि शिक्का मारून घेतला. सरकारदरबारी तो कॉम्प्युटर त्या साली पंखा म्हणूनच बसला.

आणि मग बाहुल्या हलल्या! हंबीररावांच्या अंगणात घागर वर आली, चाक फिरलं, घण पडला, ताक घुसळलं आणि दोन्ही पैलवान एका ठेक्यात जोर काढायला लागले. पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. का येऊ नये? साठी गाठलेल्या माणसानं, ज्याच्या हयातीत टाईपरायटरच्या पुढं कधी मजल गेली नव्हती, त्यानं मनात आणलं आणि बाहुल्यांत जीव घातला. चार माणसांत बढाई मारणारे पुष्कळ असतात. मारलेली बढाई निस्तरायला पुस्तक घेऊन बसणारे थोडे. पंत त्या थोड्यांतले होते, हे मान्य करावं लागेल.

फक्त ताईंनी एक शंका काढली. "पहिल्या फेरीचं बोट तुम्ही दुसऱ्या फेरीलाही वापरलंय. दुसऱ्या फेरीला वेगळं नाव घ्या ना."

"कशाला? पहिली फेरी संपल्यावर ते बोट रिकामंच बसलंय की. नवं नाव घेतलं की मेमरीत नवी जागा जाते. घरात एक चमचा स्वच्छ असताना दुसरा कशाला खरकटा करायचा?"

"पण ते बोट कुठं ठेवलेलं असतं तेव्हा?"

"अगं, बाहुल्या हलतायत ना? मग!"

हलत होत्या खऱ्या. रोज सरावाला हलत होत्या. ताई भाजी निवडायला बसल्या, आणि पंतांना वाटलं की आपण जिंकलो.

गणपती बसले. देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक यायच्या दिवशी दुपारी हंबीरराव पंतांच्या दारात आले. चप्पल काढून, टोपी हातात घेऊन, खाली बघत उभे राहिले.

"साहेब, एक मागनं हाय. सातवी बाहुली बसवायची हाय. तयार हाय. कुनाला दावली न्हाई आजून."

बाहुली त्यांच्या आईची होती, राहीबाईंची. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पुढ्यात जातं. हंबीरराव लहान असताना राहीबाईंनी आष्ट्यात दुसऱ्यांच्या घरचं दळण दळून पोरं वाढवली, शिकवली. "आमी झोपेत आसताना जात्याचा आवाज यायचा आन् उठलो तरी तोच यायचा," हंबीरराव म्हणाले. "आई कवा म्हनून गनपतीला सांगलीला आली न्हाई. आज आनलीय. समद्या लोकांम्होरं तिला तिचं काम दावायचंय. फौजेत लय सलाम ठोकलं, साहेब. ह्यो एक ऱ्हायलाय."

यावर कुणाची छाती होईल नाही म्हणायची? पंतांनी रांगेत सहाच्या जागी सात केलं, सातव्या बाहुलीची चाल लिहिली, हात फिरवणं, सावकाश. करून बघायला वेळ उरला नव्हता, कारण त्याच वेळी वीज गेली ती परीक्षक मांडवाच्या दारात आल्यावरच आली.

मांडव गच्च भरला होता. पुढच्या खुर्चीवर राहीबाई, बारीक, ताठ, डोक्यावर पदर. शेजारी परीक्षक. हंबीरराव आईच्या मागं सावधान उभे. लालासाहेबांनी भोंग्यावरून जाहीर केलं, "आता देखावा कॉम्प्युटरवर चालू व्हत हाय. कुनी बी घाबरू नये."

पडदा सरकला. पंतांनी बटण दाबलं.

घागर वर आली. चाक फिरलं. घण पडला, ताक घुसळलं. पैलवान खाली वाकले. आणि त्यांच्या शेजारी, हिरव्या लुगड्यातली म्हातारी, जात्याचा खुंटा तसाच सोडून, कमरेतून दणादण पुढं वाकायला आणि वर यायला लागली. पैलवानांच्या ठेक्यात. तिघंही एका दमात!

मग मागच्या पोरांनी मोजायला सुरुवात केली, "एक! दोन! तीन!" कुणी तरी शिट्टी वाजवली. "शाब्बास म्हातारे!" असा आवाज आला आणि अख्खा मांडव फुटला. परीक्षकांपैकी एकानं चष्मा काढून डोळे पुसले. खुर्चीतल्या राहीबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि खाली मान घातली. त्यांचे खांदे हलत होते.

हंबीररावांनी ते बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला की पंतांना वाटलं, याच्यापेक्षा जमीन फाटली असती तर बरं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बोडससाहेब, बंद करा."

पंत एकामागून एक बटणं दाबत सुटले. घाम फुटला, चष्मा घसरला. म्हातारी जोर काढतच होती. शेवटी त्यांनी खाली वाकून बोर्डातली वायर धरली, आणि कुणी तरी त्यांचा हात धरला.

"वायर ओढू नका. बाजूला व्हा."

बायकांच्या बाजूनं पद्माताई कधी वर आल्या ते पंतांना कळलंही नव्हतं. त्यांनी पदर खोचला, खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदाच त्या मशीनच्या बटणांना हात लावला. एक बटण, आणि सगळ्या बाहुल्या थांबल्या. मग ओळी पडद्यावर आणून त्यांनी एकीवर बोट ठेवलं.

"बघा. पहिली फेरी संपली तेव्हा तुमचं बोट शेवटच्या बाहुलीवर होतं. ते तुम्ही उचललंच नाहीत. दुसऱ्या फेरीला तेच बोट वापरलंत. तुम्हाला वाटलं, आपण एकेक बाहुली बोटात घेऊन बघतोय. तुम्ही एकेकीची चाल उचलून शेवटच्या बाहुलीच्या अंगावर ओतत होता. पाणी शेंदणारी ओतली, कुंभार ओतला. आजींची पाळी येईपर्यंत त्यांच्या अंगावर शेवटचा पैलवान बसला होता."

"पण मग सरावात कसं..."

"सरावात शेवटचे दोघंही पैलवानच होते. पैलवानावर पैलवान ओतला, कुणाला कळणार?"

इतके दिवस ज्या ओळी ते पाठ म्हणत होते, त्या ओळी ही बाई नुसती मागून बघून, भाजी निवडता निवडता, आतून बाहेरून वाचून बसली होती. आणि ओट्यापाशी उभं राहून तिनं दोनदा सांगितलं होतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तिच्यासमोर बसून रोज जेवलो, आणि आपल्या घरात एवढं डोकं आहे हे आपल्याला मांडवात कळावं! त्यांना लाज वाटली, पण लाजेपेक्षा अभिमान जास्त वाटला, आणि तो आत मावेना. त्यांनी लालासाहेबांच्या हातातून भोंग्याचा माईक घेतला.

"मंडळी, मशीन चुकलेलं नाही. मी चुकलो. नवं नाव घ्यायचा मी कंजूषपणा केला. चूक सापडली ती आमच्या हिला, आणि ती आजची नाही, आधीच सापडली होती. मी ऐकलं नाही."

लोकांना काही कळलं नाही, पण पंत स्वतःला कंजूष म्हणाले एवढं कळलं. त्यांची उलटी पाकिटं ज्यांना ज्यांना आली होती त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तोवर ताईंनी दुसऱ्या फेरीला नवं नाव दिलं होतं. त्यांनी बटण दाबलं. पैलवान पैलवानांच्या जागी जोर काढायला लागले, आणि हिरव्या लुगड्यातल्या म्हातारीचा हात सावकाश, गोल, जात्यावर फिरायला लागला. हंबीररावांनी पाय जुळवले आणि खाडकन सलाम ठोकला. बाहुलीला नव्हे, खुर्चीला.

राहीबाईंनी थोडा वेळ बघितलं. मग तोंडावरचा पदर काढला. त्या रडत नव्हत्याच. डोळ्यांत पाणी होतं ते हसून हसून आलेलं.

"हंबीर."

"आई, चुकी झाली. आता बग, बराबर हाय."

"मगाची बरी हुती रं."

"आं?"

"दळान तर जलमभर दळलंय. ते काय बगायचं?" राहीबाई म्हणाल्या. "माजा बा तालीम चालवायचा. भाऊ जोर काढायचं, मी दाराआडनं मोजायची. आत पाय ठिवू दिला न्हाई कुनी. आज तुमच्या मशिनीनं घातलं बग मला तालमीत." त्यांनी हात करून दाखवलं. "त्या पैलवानांच्या बरुबरीनं काढत हुती का न्हाई? दमली बी न्हाई. काढू दे तिला."

हंबीररावांनी पंतांकडं बघितलं, आणि कुठल्याही लढाईत मागितली नसेल अशी मदत ते डोळ्यांनी मागत होते.

"साहेब, ती मगाची चूक परत करता येती का?"

पंतांनी ताईंकडं बघितलं. "अगं, ऐकलंस ना? कर ना तेवढं."

पद्माताई खुर्चीवरून उठल्या, पदरानं खुर्ची झटकली आणि पंतांच्या पुढं सरकवली.

"बसा तुम्ही. ही चूक तुमच्याइतकी कुणालाच जमायची नाही."

पंत बसले. नवं नाव खोडून त्यांनी जुनंच बोट परत लिहिलं, एक अक्षर न चुकता, आणि बटण दाबलं. मागच्या पोरांच्या आधी राहीबाईंनीच मोजायला सुरुवात केली.